विवेक म्हणजे नुसतं जपून वागणं का?

तळ्यातमळ्यात: मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं की नाही, अशा वेळी फायद्या-तोट्याची यादी करूनही घोडं अडतं. विवेक हा सद्गुण मानतात, पण व्यवहारात त्याच्या काही पायऱ्या आहेत का? की धोका दिसला की मागे सरायचं, एवढंच?

निवांत: आहेत. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने (सु. १२२५–१२७४) तीन सांगितल्यात: विचारविनिमय, निवाडा आणि अंमल. मुख्य तिसरी. निष्कर्ष बरोबर काढला आणि हात हलवलाच नाही, तर त्याच्या हिशेबी विवेक अपुराच. पहिलीवर चुकलं की उतावळेपणा, दुसरीवर अविचार, तिसरीवर धरसोड. यादी करून अडकणारा बहुधा तिसरीवर असतो. आणखी दहा मुद्दे लिहून तो सुटत नाही.

अडगळ: मला पहिलीच कच्ची वाटते. यादीत ‘त्याला वाईट वाटेल’ आणि ‘पूर्ण कर्ज फेडावं लागेल’ शेजारी शेजारी, एकेक ओळ! विचारायचं ते असं: उरलेलं कर्ज व्याजासकट आपल्याकडून वसूल झालं तर घर किती महिने चालेल? जबाबदारी ठरावीक रकमेपुरती की सगळ्याची? त्याने पुढे कर्ज वाढवून घेतलं तर हीच सही त्यालाही लागू होते का? उत्तरं करारात दाखवायला सांगा, तोंडी चालवून घेऊ नका. आणि जामीन राहून पैसे भरावे लागलेल्या एखाद्याला गाठा. अक्वायनसने विवेकाचे आठ घटक मोजलेत, त्यात दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी आहे ती यासाठीच.

खडूस: सावधगिरी ही त्या आठांतली फक्त एक, त्यामुळे ‘मागे सरा’ हे काही उत्तर नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते हुशारी कुठल्याही हेतूला जुंपता येते, विवेकाला मात्र हेतू चांगलाच लागतो. मित्राची अडचण दूर करणं हा हेतू चांगला आहे, प्रश्न साधनाचा. बुडाली तरी झेपेल एवढी रक्कम थेट देता येते. कर्ज देणारा मान्य करत असेल तर जबाबदारीला मर्यादा घालून सही करता येते. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने आखले की हे मार्ग सुचतच नाहीत.

तळ्यातमळ्यात: आणि विचार थांबवायचा कधी?

निवांत: नेमकी कुठली माहिती मिळाली तर उत्तर बदलेल, ते लिहा. लिहिता आलं तर ती मिळवायला तारीख ठरवा. नाही आलं, तर आजच त्याला फोन करून काय ते सांगा. ‘बघू’ म्हणत ठेवलंत तर दुसरीकडे विचारायचा त्याचा वेळही जातो.