शनिवार-रविवारच्या कामाचा दर: दीडपट मागण्याआधी

दिवसाला ६,००० रुपयांचा करार असताना शनिवार-रविवारच्या रिलीजसाठी (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरू करण्याच्या कामासाठी) दीडपट मागावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर मागा, पण कायद्याचा दाखला देऊ नका. कामगार कायद्यातला दुप्पट ओव्हरटाइम कामगारांसाठी आहे. स्वतंत्र कंत्राटदाराला करारात लिहिलेलंच मिळतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: फोनजवळ थांबणं आणि प्रत्यक्ष काम. थांबण्याचे दिवसाला ठरावीक पैसे घ्या, समजा १,५००. कामाचा तासाचा दर ७५० (६,००० भागिले आठ तास), दीडपट १,१२५. आणि किमान चार तासांचं बिल. ही किमान अट सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर वीस मिनिटांच्या फोनसाठी अख्खा रविवार जातो आणि कामाचे म्हणून हाती ३७५ रुपये येतात.

‘त्याऐवजी सोमवारी सुट्टी घ्या’ हे मान्य करू नका. तुमची सुट्टी बिनपगारीच असते, म्हणजे जादा काहीच मिळत नाही.

हे दर शुक्रवारच्या आधी ईमेलवर मंजूर करून घ्या आणि बिलात वेगळी ओळ दाखवा. जीएसटी नोंदणी असेल तर ‘१८ टक्के वेगळा’ हेही तेव्हाच लिहा, नाहीतर तो तुमच्याच खिशातून जातो.