पहिली शॉर्ट फिल्म करायचीय, सुरुवात कुठून करू? कॅमेरा घेऊ का?

नमस्कार मंडळी, फिल्म मेकिंगच्या कोर्सचं पहिलंच वर्ष आहे आणि टर्म संपायच्या आत प्रत्येकाला एक शॉर्ट फिल्म करून द्यायचीय. स्क्रिप्ट तयार आहे, १४ पानं, सहा लोकेशन्स, शेवट रात्रीच्या पावसात. वर्गात लेन्स, अँगल वगैरे शिकवतात पण प्रत्यक्ष शूटला आधी काय नंतर काय हे काही कळत नाहीये. फोन बऱ्यापैकी आहे पण सगळे म्हणतात कॅमेऱ्याशिवाय फिल्मसारखं दिसत नाही, तर घेऊ का? आणि आम्ही चौघंच आहोत, तेवढ्यात होतं का?

पटकथावाला
कॅमेऱ्याचं राहू दे, आधी ती १४ पानं बघ. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. ऑस्करवाले क्रेडिट्स धरून ४० मिनिटांपर्यंतच्या फिल्मला शॉर्ट म्हणतात त्यामुळे नियमात तू बसतोस, पण चौघांत सहा लोकेशन्स म्हणजे अर्धा दिवस सामान बांधण्यात आणि परत लावण्यातच जाणार, दिवसाचा उजेड गेलेला असेल आणि अॅक्टर कंटाळलेले असतील. एक लोकेशन, दोन पात्रं, पाच-सहा पानं एवढ्यात तीच गोष्ट बसते का बघ, बसत नसेल तर ती पुढच्या वर्षासाठी ठेव. आणि रात्रीचा पाऊस? पावसाच्या मागून लाइट मारला नाही तर कॅमेऱ्यात थेंब दिसतच नाहीत, नुसता ओला अॅक्टर दिसतो. पाऊस खिडकीबाहेर आवाजात ठेव, माणूस आत ठेव.

मग ब्रेकडाउन कर, म्हणजे प्रत्येक सीनला कोण लागतं, कोणती प्रॉपर्टी म्हणजे सीनमधल्या वस्तू, कोणते कपडे, दिवस की रात्र. त्यावरून शेड्यूल निघतं, आणि शूट स्क्रिप्टच्या क्रमाने करायचं नसतं, एका जागेचे सगळे सीन एकदम उरकायचे.

बूमधारी
फोनवरच कर. पैसे घालवायचेच असतील तर माइकवर घाल. चित्र थोडं खराब असलं तर लोक म्हणतात स्टाइल आहे, डायलॉग ऐकू आला नाही तर उठून जातात. फोनचा स्वतःचा माइक कॅमेऱ्याजवळ असतो, तो तोंडाजवळ पाहिजे, सगळं गणित एवढंच आहे. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, फ्रेमच्या अगदी काठापर्यंत आणायचा, वेगळा रेकॉर्डर असेल तर सँपल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवायचा, बोलताना आवाजाची लेव्हल मायनस १२ डेसिबलच्या आसपास. टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा म्हणजे एडिटला चित्र-आवाज जुळवता येतो. आणि प्रत्येक जागेवरून हलायच्या आधी सगळ्यांनी गप्प उभं राहून ३० सेकंदांचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घ्यायचा, हे नवशिके हमखास सोडतात आणि मग दोन कटच्या मध्ये आवाजाला खड्डे पडतात.

कटर
वर सगळं बरोबर आहे, मी फोनचं सांगते. फोन ऑटोवर असला की एकाच शॉटमध्ये उजेड आणि रंग बदलत राहतो, तर एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करायचं. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर बरेच लाइट फडफडताना दिसतात. बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सरकत जातो, म्हणून एडिटला घ्यायच्या आधी फाइल हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घे. एडिटला डाविंची रिझॉल्व्हचं फुकटवालं व्हर्जन भरपूर झालं.

शूट करताना माझ्यासारख्यांवर एक उपकार कर, अॅक्शन म्हणायच्या आधी आणि कट म्हणायच्या आधी दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू राहू दे. दोघं बोलतायत तर कॅमेरा त्यांच्यामधल्या रेषेच्या एकाच बाजूला, नाहीतर कट केल्यावर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. फुटेजच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरी.

टेक_टू
एक मुद्दा पटत नाही म्हणजे कुणी लिहिलेला नाही पण वर्गात सांगतात, की प्रत्येक सीनचा मास्टर, म्हणजे अख्खा सीन एका वाइड शॉटमध्ये, मग दोघांचे क्लोजअप, मग ओव्हर द शोल्डर, म्हणजे एकाच्या खांद्यामागून दुसरा, सगळं घेऊन ठेवा. चौघांच्या युनिटला हे झेपत नाही आणि डायरेक्टर विचार करायचाच थांबतो, एडिटला बघू म्हणतो. सीन कुणाचा आहे ते ठरवा आणि तेवढेच शॉट लिस्टमध्ये घ्या.

कटर
@टेक_टू तू सांगतोस ते दहाव्या फिल्मला. पहिल्या फिल्मला मास्टर तरी पूर्ण घे रे बाबा, क्लोजअपला डायलॉग चुकला की जायचं कुठे मग?

प्रश्नकर्ता
खूप आभार सगळ्यांचे! कॅमेरा रद्द. सहा पानांवर आणतोय, एकच स्वयंपाकघर, पाऊस बाहेर. चौघांत एक डायरेक्टर, एक कॅमेरा, एक साउंड, आणि चौथ्याला अॅक्टिंग देऊ का?

पटकथावाला
नको. चौथा असिस्टंट डायरेक्टर, घड्याळ आणि कंटिन्युटी त्याच्याकडे, कप कोणत्या हातात होता, बाही दुमडलेली होती का, प्रत्येक टेकनंतर फोटो काढायचा. अॅक्टर नाटकवाल्या मुलांमधून बघ.

बूमधारी
स्वयंपाकघर म्हणजे फ्रिज आला. तो टेकच्या वेळी बंद करायचा, त्याची घरघर नंतर डायलॉगखालून नीट निघत नाही. आणि बंद केलास की घराची चावी फ्रिजमध्ये ठेव, साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे, म्हणजे निघताना चावी काढायला गेलास की फ्रिज चालू करायची आठवण होते.