संगणक अभियांत्रिकीसाठी लॅपटॉप आणि जोडीला मॉनिटर: ७० हजारांत काय घ्यावे?

पालक_कराड

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा पुण्यातील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून ती वसतिगृहात राहणार आहे. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे आणि शक्य झाल्यास त्याच्या जोडीला वेगळा मॉनिटरही घ्यावा असा विचार आहे, कारण बारावी आणि सीईटीच्या वर्षात घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मान खाली घालून तासन्‌तास वाचल्यामुळे तिची मान सारखी आखडते. दोन्ही मिळून ७० हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल आणि हे सगळे पदवी हाती पडेपर्यंत टिकावे, अशी अपेक्षा आहे.

अडचण अशी, की सल्ला देणारे तिघे आणि तिघांची तोंडे तीन दिशांना. दुकानदार म्हणतात की इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉपच लागतो. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या मते मॅकबुक एअरशिवाय दुसरे काही पाहूच नये. मुलीच्या ओळखीची एक सीनियर सांगते की पहिल्या वर्षी काहीही चालते, सर्वांत स्वस्त घ्या. शिवाय मॉनिटरच्या बाबतीत २४ इंची आणि २७ इंची यांच्या किमतींत फारसा फरक दिसत नाही, मग मोठाच का घेऊ नये? आणि लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘यूएसबी टाइप-सी’ असे लिहिले असेल, तर मॉनिटर त्याला जोडता येतोच का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आंबेमोहर

आधी लॅपटॉपविषयी लिहितो. मॉनिटरचे माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत.

पहिल्या वर्षी सी किंवा पायथॉनचे लहान प्रोग्रॅम आणि फार तर इंजिनिअरिंग ग्राफिक्ससाठी ऑटोकॅड एवढेच काम असते, त्यामुळे सीनियर मुलीचे म्हणणे त्या वर्षापुरते खरे आहे. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डेटाबेस, लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक), अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर (पडद्यावर चालणारा आभासी फोन) असे सगळे एकाच वेळी उघडे ठेवावे लागते आणि तेव्हा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप रडकुंडीला येतो. म्हणून १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी (माहिती साठवणारी जलद डिस्क) या दोन गोष्टींत तडजोड करू नका. रॅम बोर्डावर कायमची जोडलेली आहे की स्लॉटमध्ये बसवलेली आहे, हे खरेदीपूर्वी विचारून घ्या. कायमची जोडलेली असेल, ८ जीबीच असेल आणि जोडीला रिकामा स्लॉटही नसेल, तर तो लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

प्रोसेसरच्या बाबतीत ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ असा प्रकार बराच आहे. एएमडीच्या २०२३ पासूनच्या चार आकडी नावांत पहिला आकडा केवळ बाजारात आणल्याचे वर्ष सांगतो, आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे दुकानाच्या फलकावर सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यात २०१९ सालच्या झेन २ रचनेचे चार कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर दुसऱ्यात त्यानंतरच्या झेन ३ रचनेचे सहा. इंटेलकडेही वेगळे काही नाही. आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच यांत पिढीचा आकडा बदलला तरी दोन्हींत चार मोठे आणि चार लहान असे आठच कोअर आहेत, तेव्हा केवळ ‘तेरावी पिढी’ या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

ग्राफिक्स कार्डाचे म्हणाल, तर संगणक शाखेच्या नेहमीच्या विषयांना त्याची गरज पडत नाही. मशीन लर्निंगमध्ये एनव्हिडियाच्या कार्डाचा उपयोग होतो हे खरे, कारण त्या क्षेत्रातील बरीच साधने एनव्हिडियाच्याच ‘कूडा’ या सॉफ्टवेअर प्रणालीवर उभी आहेत. परंतु पदवीच्या पातळीवरचे प्रयोग गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर, वेळेच्या मर्यादेत का होईना, विनामूल्य करता येतात. त्या कार्डाची किंमत मुलगी दोन किलोंहून जड लॅपटॉप, विटेएवढा चार्जर आणि लवकर उतरणारी बॅटरी यांच्या रूपाने रोज मोजत राहील. तिला गेमिंगची हौस असेल, तर तसे मोकळेपणाने ठरवून घ्यावा. अभ्यासाच्या नावाखाली नको.

मॅकबुक एअर हे यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही. बॅटरी दिवसभर पुरते आणि पंखाच नसल्याने आवाजही नाही. मात्र एम४ चिपचे मॉडेल २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आले आणि विद्यार्थी सवलतीतही त्याची किंमत ८९,९०० होती, म्हणजे ते मॉनिटर न घेताही आपल्या रकमेबाहेर जाते. भावाने तिकडून विंडोजचा लॅपटॉप आणतो म्हटले, तर वॉरंटी भारतात लागू होते का याची लेखी खात्री करून घ्या.

सोलापुरी_चादर

मॉनिटरविषयीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो आणि टाइप-सीपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते.

टाइप-सी हे केवळ खाचेच्या आकाराचे नाव आहे. त्या खाचेतून नुसता डेटा जाईल, चार्जिंगही होईल की चित्रही बाहेर पडेल, हे लॅपटॉप बनवणाऱ्याने आत काय जोडले आहे यावर अवलंबून असते. चित्र बाहेर पडण्यासाठी त्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय असावी लागते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ती पुष्कळदा नसते आणि मग टाइप-सीमधून एचडीएमआय काढणारा साधा अडॅप्टर कितीही चांगल्या कंपनीचा घेतला तरी मॉनिटर काळाच राहतो. पोर्टशेजारची खूण पाहावी: इंग्रजी डी अक्षराच्या पोटात पी असेल, तर चित्र जाते, विजेच्या बाणाची खूण असेल आणि माहितीपत्रकात थंडरबोल्ट लिहिले असेल, तरीही जाते, नुसतीच त्रिशूळासारखी खूण असेल, तर बहुधा डेटाच. काही कंपन्या कोणतीच खूण करत नाहीत, त्यामुळे निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेल क्रमांकाचे सविस्तर तपशील वाचणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. ऑनलाइन विक्रीच्या पानावरच्या माहितीवर विसंबू नये. केबललाही हाच न्याय लागू होतो. मोबाइलसोबत मिळणाऱ्या चार्जिंगच्या टाइप-सी केबलमधून सहसा चित्र जात नाही.

आपल्या रकमेतील लॅपटॉपना साधारणपणे एचडीएमआय पोर्ट असतोच आणि आपल्याला तेवढा पुरेसा आहे. तो जुन्या १.४ आवृत्तीचा असला, तरी १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला ६० हर्ट्‌झने (सेकंदाला ६० वेळा) चित्र पुरवण्यात त्याला काहीच अडचण येत नाही. अडचण येते ती ४के (१०८० च्या चौपट पिक्सेलचा) मॉनिटर जोडल्यावर, १.४ आवृत्तीतून ४के चित्र ३० हर्ट्‌झनेच मिळते आणि माऊसचा बाण पडद्यावर अडखळत चालतो. ४के ६० हर्ट्‌झने हवे असेल, तर एचडीएमआय २.० किंवा चित्र देणारा टाइप-सी पोर्ट लागतो.

आता आकार. २४ इंची आणि २७ इंची या दोन्ही स्वस्त मॉनिटरांत पिक्सेल तेवढेच असतात, १९२० गुणिले १०८०. २४ इंचांवर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल बसतात आणि २७ इंचांवर तेच पिक्सेल ताणले जाऊन सुमारे ८२ उरतात. म्हणजे मोठा मॉनिटर घेऊन जास्त ओळी दिसत नाहीत, त्याच ओळी मोठ्या आणि थोड्या खरबरीत दिसतात. चित्रपट पाहायला ते ठीक आहे, पण ज्या मुलीला हातभर अंतरावरून कोड आणि पीडीएफ वाचायचे आहेत तिला अक्षरांच्या कडा खुपतील. २७ इंच घ्यायचाच असेल, तर २५६० गुणिले १४४० चा घ्यावा. तिथे दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात आणि खरोखरच जास्त मजकूर मावतो, पण किंमतही चढते. आपल्यासाठी आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणाऱ्या पडद्याचा) २४ इंची मॉनिटर योग्य राहील आणि तो साधारण ८ ते १० हजारांत मिळतो.

एका गोष्टीकडे मात्र दुकानात कुणी लक्ष वेधत नाही. या किमतीतल्या बहुतेक मॉनिटरचा स्टँड फक्त मागे-पुढे कलतो, वर-खाली होत नाही. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आली नाही, तर मानेचा त्रास आहे तसाच राहील. उंची बदलणारा स्टँड असलेले मॉडेल थोडे महाग मिळाले तरी घ्यावे. नाही तर मागच्या बाजूला १०० गुणिले १०० मिलिमीटर अंतरावर ‘वेसा’ या मानकाची, आर्म बसवण्यासाठीची चार भोके आहेत ना हे पाहून ठेवावे, म्हणजे पुढेमागे टेबलाला घट्ट बसणारा आर्म लावता येईल. तूर्त दोन जाडजूड संदर्भग्रंथ खाली ठेवले तरी चालतात.

चौथा_मजला

मी स्वतः पुण्यात वसतिगृहात राहून शिकत आहे आणि वरील तांत्रिक माहितीशी पूर्णपणे सहमत आहे, परंतु मॉनिटर लगेच घेऊ नये असे माझे मत आहे. खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला येणारे टेबल अरुंद असते, बरेचदा एक सॉकेट दोघींत वाटून घ्यावा लागतो आणि लॅपटॉप कपाटात कुलूपबंद करता येतो तसा मॉनिटर करता येत नाही. पहिल्या सत्रात मुलगी खोलीपेक्षा वर्गात, प्रयोगशाळेत आणि वाचनालयातच जास्त असेल. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, की टेबलाची लांबी-रुंदी तिलाच विचारा आणि मग ठरवा.

मानेसाठी तोवर वाट पाहण्याची गरज नाही. लॅपटॉप उचलून धरणारा घडीचा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड-माऊस एवढे घेतले, तर पडदा डोळ्यांसमोर येतो आणि हात खाली राहतात. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले असतात, हेच मानदुखीचे मूळ आहे. ते वेगळे केले की बरेचसे काम होते. पुढे मॉनिटर आला तरी हे सामान वाया जात नाही. आणि मॉनिटर घ्याल तेव्हा त्याचा खोका आणि आतले थर्माकोल टाकून देऊ नका, कारण दरवर्षी खोली बदलताना त्यांची किंमत कळते.

पालक_कराड

सर्वांचे मनापासून आभार. मॉनिटर दिवाळीनंतर घ्यायचा आणि स्टँड, कीबोर्ड, माऊस आत्ताच घ्यायचे, हे मुलीलाही पटले आहे. आता दोन लॅपटॉप मनात आहेत. एकात रायझन ५ ७५२०यू आणि बोर्डावर कायम जोडलेली १६ जीबी रॅम आहे. दुसऱ्यात ७५३०यू आहे, पण रॅम बोर्डावर जोडलेली ८ जीबी आणि एक स्लॉट रिकामा आहे. किंमत थोडी जास्त. शिवाय एकाच टाइप-सी केबलने चित्रही दाखवणारा आणि लॅपटॉप चार्जही करणारा मॉनिटर असतो असे वाचले. तो घेणे योग्य ठरेल का?

आंबेमोहर

दुसरा घ्यावा. रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची पट्टी बसवली, की १६ जीबी तर होतेच, शिवाय रॅम दोन चॅनेलमध्ये चालू लागते आणि ज्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते तिथे त्याचा फायदा चित्राच्या कामात स्पष्ट जाणवतो. पहिल्या लॅपटॉपला चार कोअर आहेत ते चारच राहणार, त्यांत भर घालता येत नाही. पट्टी मात्र कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातूनच बसवून घ्या आणि त्याची नोंद पावतीवर करून घ्या, म्हणजे लॅपटॉप उघडल्याच्या कारणावरून पुढे वॉरंटीचा वाद निघणार नाही. पट्टी कोणत्या प्रकारची आणि किती वेगाची हवी हेही तेथेच कळेल.

सोलापुरी_चादर

एका केबलचा मॉनिटर सोयीचा असतो खरा, पण त्यासाठी लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला चित्र आणि चार्जिंग या दोन्ही सोयी हव्यात आणि मॉनिटरने लॅपटॉपच्या चार्जरइतके, म्हणजे साधारण ६५ वॉट, द्यायला हवेत. त्या सोयीसाठी मॉनिटरची किंमत बरीच वाढते. रोज कार्यालयात लॅपटॉप काढ-घाल करणाऱ्याला ते परवडते. मुलीला चार्जर आणि एचडीएमआय अशा दोन केबल लावायला कितीसा वेळ लागणार?

मॉनिटर जोडल्यावर विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायचे, म्हणजे दोन्ही पडदे स्वतंत्रपणे वापरता येतात. त्यानंतर सेटिंगमध्ये लॅपटॉपच्या पडद्याचे स्केलिंग १२५ टक्के आणि मॉनिटरचे १०० टक्के ठेवून पाहावे, म्हणजे दोन्हीकडची अक्षरे साधारण सारख्या आकाराची दिसतात. मॉनिटर असताना लॅपटॉप तासन्‌तास चार्जरलाच लावलेला राहतो, त्यामुळे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल, तर ती सुरू करून ठेवावी. एचडीएमआय केबल बहुतेक मॉनिटरच्या खोक्यातच येते. खोका दुकानातच उघडून ती आहे का ते पाहा आणि त्यांच्याच एखाद्या लॅपटॉपला मॉनिटर जोडून पांढऱ्या व काळ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल दिसतात का, तेही तिथेच तपासून घ्या.