मदत हवी आहे: अकरानंतर तारे कापसासारखे येतात

मलप्रभाकाठ
कोणी तरी लवकर सांगा, शनिवारी अमावस्या आहे, परत जायचंय. जांबोटीच्या पुढे मित्राच्या शेतात कॅमेरा लावला. पहिले वीसेक फोटो बरे आले, मग सगळे तारे कापसासारखे. सेटिंगला हात लावलेला नाही. आकाशगंगा तर एवढ्या काळोखातही दिसली नाही. लेन्स बदलू काय? गाडीची काच पुसत पुसत दोनला घरी पोचलो, बायको अजून बोलत नाही.

घाटवाटा
कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, किती सेकंद? अंतर्ज्ञानी बसलेत काय इथं?

दुर्बीणवाला
कॅमेरा ठेव बाजूला. सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण घे, शनीची कडी बघून येडा होशील.

घाटवाटा
त्यानं फोटोचं विचारलंय हो. साधी डॉब्सोनियन ताऱ्यांमागे आपोआप फिरत नाही, तिच्यावर मोठं एक्सपोजर कसं घेणार?

दुर्बीणवाला
आधी डोळ्यांनी बघायला शिका म्हणतोय मी.

मलप्रभाकाठ
कॅनन 1500डी, सोबत आलेली 18-55. 18 वर, 25 सेकंद, आयएसओ 3200. भांडू नका, शनिवार आला.

कॅम्पातला
25 जास्त झाले. 500 चा ठोकताळा: 500 भागिले (लेन्सचे 18 गुणिले 1.6, हा तुझ्या छोट्या सेन्सरचा गुणक), म्हणजे 17 सेकंद. त्यापुढे तारा लांबतो. फोकस मॅन्युअल कर, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून व्याधाच्या ताऱ्यावर बसव. रिंग टोकापर्यंत फिरवली म्हणजे अनंत, असं नसतं.

नक्षत्रप्रेमी
जन्मनक्षत्र कुठलं? मृग असेल तर शनिवारी रात्री बाहेर पडू नये.

आज्जीचा कंदील
लांबलेला तारा म्हणजे रेघ, हा कापूस म्हणतोय. पहिले वीस बरे होते तर फोकस कशाला बिघडेल? त्यानं स्वतःच लिहिलंय की, गाडीची काच पुसत आलो! दव रे मर्दा. उघड्या आभाळाखाली लेन्सची काच भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते नि तिच्यावर पाणी धरतं. टॉर्च तिरकी मारून बघितलीस काय एकदा तरी?

मलप्रभाकाठ
नाही. बॅगेत भरताना बोट लागलं तर ओलं होतं. मला वाटलं हाताचा घाम.

आज्जीचा कंदील
डिसेंबरात घाम! लेन्सला यूएसबीचा हीटर पट्टा बांध, पॉवर बँकेवर चालतो. नसेल तर पायमोज्यात हँड वॉर्मर, म्हणजे हात शेकायची गरम पुडी, घालून गुंडाळ. दव पडायच्या आधी, नंतर नव्हे. पुसत बसू नकोस, लगेच परत येतं.

आणि आकाशगंगा: धनुर्मास चालू आहे, सूर्य धनु राशीत. तिचा उजळ गाभाही त्याच दिशेला, म्हणजे दिवसा वर. फेब्रुवारी संपताना पहाटे आग्नेयेला दिसेल. तोवर मृगातल्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ घे: 55 वर, पाच-पाच सेकंदांचे शंभर फोटो, मग डीपस्कायस्टॅकर सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक. फुकट आहे.

कॅम्पातला
हेअर ड्रायर बेस्ट. मी तोच नेतो.

घाटवाटा
शेतात प्लग कुठला?

कॅम्पातला
पंपाची लाइन असते की रात्री.

आज्जीचा कंदील
थ्री-फेजवर ड्रायर लावा, तारे दिवसाच दिसतील.

घाटवाटा
शेत भीमगड अभयारण्याच्या बाजूला असेल तर अस्वलांचं बघा. एकटे जाऊ नका.

मलप्रभाकाठ
गच्चीवर करून बघितलं. डावा पायमोजा, वॉर्मर आत. साडेबारापर्यंत तारे टाचणीसारखे. मग वॉर्मर गार झाला. शनिवारी चार नेतो. 17 सेकंदांचंही पटलं, कोपऱ्यातले तारे खरंच लांबले होते.

दुर्बीणवाला
मग सहा इंचीचं काय ठरलं?