मदत हवी आहे: मिसिसागात अफगाण कुटुंब येतंय, पहिल्या वर्षाचं नियोजन कसं करावं?

सांजवात

नमस्कार. आम्ही पाच मराठी घरांनी मिळून कॅनडाच्या 'ग्रुप ऑफ फाइव्ह' योजनेतून (किमान पाच जणांनी मिळून निर्वासितांची वर्षभर जबाबदारी घ्यायची) एका अफगाण कुटुंबाला स्पॉन्सर केलं आहे. अर्ज मंजूर झालाय. पाच-सहा आठवड्यांत, म्हणजे ऐन थंडीत, ते इस्लामाबादहून टोरांटोच्या पिअरसन विमानतळावर उतरतील. वडील ४१, इलेक्ट्रिशियन, उर्दू चांगली. आई ३६, फक्त दारी (अफगाणिस्तानातली फारसी) बोलते, शिक्षण जेमतेम. मुलगी १६, तिची शाळा २०२१ पासून बंद. मुलगा ९ आणि धाकटी ३ वर्षांची.

अडलंय ते असं. दोन बेडरूमचा चांगला फ्लॅट ३,००० डॉलरला मिळतोय आणि एक बेसमेंट २,१०० ला. कुठलं घ्यावं? कागदपत्रांना कुठून सुरुवात करायची? वडिलांना लगेच वेअरहाउसला लावावं की आधी इंग्रजी? आणि आम्हाला हिंदी येतं, वडिलांना उर्दू, मग दुभाषा लागेल का? बारा महिन्यांनी आमची जबाबदारी संपेल तेव्हा ते स्वतःच्या पायावर उभे असावेत एवढीच इच्छा आहे.

रानवारा

आधी घराचं बोलू, कारण तिथे चुकलं की बाकी सगळं डळमळतं. गटाला आज काय परवडतं ते बाजूला ठेवा. तेराव्या महिन्यात त्या कुटुंबाला काय परवडेल ते बघा.

आपल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७.६० डॉलर. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर महिन्याला २,८६० होतात, कपात जाऊन हातात अडीच हजारांच्या आसपास. त्यात कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकार देतं ती रक्कम. जुलै २०२५ ते जून २०२६ चा कमाल दर सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ७,९९७ आणि सहा ते सतरा वयाला ६,७४८. तिघांचे मिळून महिन्याला १,७९० धरा. एकूण सव्वाचार हजार. त्यातले तीन हजार भाड्यात गेले तर पाच माणसांनी उरलेल्या बाराशे-तेराशेत किराणा, बस, फोन आणि कपडे कसे भागवायचे? स्पॉन्सरांनी हौसेने घेतलेलं महाग घर वर्षअखेरीस सोडावं लागतं. मुलांची शाळा बदलते आणि नुकती झालेली ओळखीपाळखी मोडते.

तेव्हा बेसमेंटकडे झुकतं माप द्या, पण नीट तपासून. दुसरं युनिट (एकाच घरातलं वेगळं बिऱ्हाड) म्हणून शहराकडे नोंद आहे का? बेडरूमला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी आहे का? धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का? हीटिंगचं बटण कुणाच्या हातात आहे? 'हायड्रो' भाड्यात धरलंय का तेही विचारा. इथे हायड्रो म्हणजे वीज, आणि हिवाळ्यात तेच बिल अंगावर येतं. घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याची अनामत एवढंच घेऊ शकतो. 'नवीन आलेत, सहा महिन्यांचं आगाऊ द्या' अशी मागणी कायद्यात बसत नाही.

आणि ते यायच्या आत लीज करू नका. पहिले दोन-तीन आठवडे तुमच्यापैकी कुणाकडे ठेवा, मग दोन-तीन घरं त्यांना दाखवा. सही त्यांचीच हवी, तुम्ही फार तर जामीन राहा.

पिंपळपान

कागदांची सुरुवात विमानतळावरच होते. तिथे सीओपीआर (कायम रहिवासाचा दाखला) हातात पडला की पाचही जणांची नावं आणि जन्मतारखा तिथेच उभं राहून वाचा. अफगाण घरांत नवरा, बायको, मुलं यांची आडनावं वेगवेगळी असणं नेहमीचंच. काहींना एकच नाव असतं, आणि बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जानेवारी लिहिलेली असते. स्पेलिंग चुकलं तर तेव्हाच सांगा. नाहीतर तीच चूक पुढे सिन (नोकरीला लागणारा सरकारी क्रमांक), बँक, शाळा, ओहिप (प्रांताचा आरोग्य विमा), सगळीकडे उमटते.

पहिल्या आठवड्यात सर्व्हिस कॅनडात सिन आणि सर्व्हिसऑन्टॅरिओत ओहिप. मग बँक. नोकरी नाही किंवा खात्यात टाकायला पैसे नाहीत म्हणून बँक खातं नाकारू शकत नाही. आईच्या नावावर वेगळं खातं उघडाच, कारण चाइल्ड बेनिफिट सहसा आईच्या नावावर येतो. त्यासाठीचा आरसी६६ अर्ज आणि त्यासोबतची 'स्टेटस इन कॅनडा' ही पुरवणी भरा. पुरवणीत कॅनडात येण्याआधीचं उत्पन्न विचारतात. उत्पन्न नसेल तर शून्य लिहा. रकाना कोरा राहिला की अर्ज परत येतो आणि महिने जातात. बेनिफिट सुरू झाला म्हणून गटाने आपला महिन्याचा आधार कापू नये.

आयएफएच या निर्वासितांसाठीच्या केंद्रीय आरोग्य योजनेतले दात, चष्मा, औषधं हे लाभ स्पॉन्सरशिपच्या काळापुरते असतात. दहावा महिना उजाडायच्या आत सगळ्यांचे दात आणि डोळे दाखवून घ्या. भेट ठरवतानाच 'आयएफएच घेता का' हे फोनवर विचारा, कारण सगळे दवाखाने घेत नाहीत. कुणाच्या कागदावर वैद्यकीय देखरेखीची नोंद असेल (बहुतेकदा जुन्या क्षयामुळे) तर ३० दिवसांच्या आत पील पब्लिक हेल्थला (इथलं सार्वजनिक आरोग्य खातं) कळवावं लागतं. ते पत्र हमखास फाइलच्या तळाशी राहतं.

पासपोर्ट आणि मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही प्रती ठेवा.

काजवा_४१

इंग्रजी की नोकरी? आधी इंग्रजी, निदान सहा महिने. वेअरहाउसची रात्रपाळी लगेच मिळते आणि तिथेच माणूस अडकतो. दिवसा झोप, वर्ग सुटतो, आणि वर्षाने तो त्याच पगारावर असतो. शिवाय बाप झोपलेला म्हणून मुलांकडे आई, म्हणजे तिचाही वर्ग सुटतो. लिंक वर्ग (नवीन आलेल्यांसाठीचे सरकारी भाषावर्ग) पर्मनंट रेसिडेंटना मोफत असतात. त्याआधी भाषेची चाचणी लागते, तिची वेळ पहिल्याच आठवड्यात घ्या. काही ठिकाणी वर्गासोबत पाळणाघर असतं. तीन वर्षांच्या मुलीसाठी नेमकं तेच केंद्र शोधा आणि प्रतीक्षायादीत आजच नाव टाका.

ऑन्टॅरिओत इलेक्ट्रिशियनचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. शेजाऱ्याकडे 'छोटंसं वायरिंग' रोख पैशावर करून दिलं तरी तो गुन्हा आहे, हे त्यांना पहिल्या महिन्यातच सांगा. ३०९ए या इलेक्ट्रिशियनच्या परवान्याला काम आणि वर्ग मिळून एकूण ९,००० तास लागतात. जुना अनुभव धरून घेण्यासाठी स्किल्ड ट्रेड्स ऑन्टॅरिओ या परवाने देणाऱ्या संस्थेकडे समकक्षता तपासणी करता येते, पण तास दाखवणारी मालकांची पत्रं हवीत. ती पत्रं मिळवण्याचा प्रयत्न ते पाकिस्तानात असतानाच सुरू करा, इथून ते फार अवघड जातं. पत्रं नाहीच मिळाली तर अप्रेंटिस म्हणून नोंदणी. मधल्या काळात 'वर्किंग ॲट हाइट्स'चं (उंचावर सुरक्षित काम करण्याचं) प्रशिक्षण घेऊन बांधकामावर मदतनीस म्हणून लागले तर निदान आपल्या धंद्याच्या आसपास राहतील.

विमानाच्या तिकिटासाठी सरकारने दिलेलं कर्ज विसरू नका. त्यावर व्याज नाही, पण आल्यानंतर वर्षाने हप्ते सुरू होतात. म्हणजे तुमचा आधार थांबतो त्याच महिन्यात! अकराव्या महिन्यात बसून त्याचा हिशोब मांडा.

ओलीपायवाट

थोरल्या मुलीबद्दल. शाळेत दाखल करताना नुसतं ईएसएल (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) देऊन मोकळे होतील. ईएसएल हे स्वतःच्या भाषेत शाळा नीट झालेल्या मुलांसाठी असतं. जिचं शिक्षणच तुटलंय तिच्यासाठी ईएलडी आहे. त्यात वाचन, गणित, वही कशी ठेवायची इथपासून शिकवतात. चाचणी घेणाऱ्याला 'सहावीनंतर शाळा नाही' हे स्पष्ट सांगा. दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त तीन क्रेडिट (हायस्कूल पूर्ण करायला लागणारे श्रेयांक) सक्तीच्या इंग्रजीत धरले जातात. एकविसाव्या वर्षापर्यंत हायस्कूलला बसता येतं, तेव्हा तिला वयाची घाई लावू नका.

दुभाषा हवाच. तुमच्या हिंदीवर सगळं बोलणं वडिलांमार्फत जाईल आणि आईचं म्हणणं घरातच राहील. डॉक्टरकडे 'अफगाणी दुभाषा' मागू नका, दारी असं सांगा. नाहीतर फोनवर पश्तो, म्हणजे तिथली दुसरी भाषा, बोलणारा येतो. आणि आईच्या तपासणीत मुलीला दुभाषी करू नका, कितीही पटकन इंग्रजी शिकली तरी.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लॅटवाल्याला आजच नाही कळवते. विमानतळावरून आणायचं आणि पहिल्या रात्रीचं काही?

रानवारा

दोन गाड्या न्या, पाच माणसांचं सामान एका गाडीत मावत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला बूस्टर लागत नाही, पण तीन वर्षांच्या मुलीला कार सीट सक्तीची आहे. सीटवर मॅपलच्या पानाची खूण बघा, ती नसेल तर इथे चालत नाही. वापरलेली घेणार असाल तर मागच्या बाजूची मुदत वाचा. कोट आणि बूट गाडीत तयार ठेवा, पण मुलीला सीटचा पट्टा जाड कोटावरून लावू नका, तो सैल राहतो. कोट वरून पांघरा.

घरात लांब दाण्याचा तांदूळ, प्रेशर कुकर, हिरवा आणि काळा चहा, वेलदोडे, थर्मास. हलाल मटण आणि नान. बाथरूममध्ये मग, आपल्याकडे ठेवतो तसाच. काचेच्या शेगडीचा लाल दिवा आईला हात धरून दाखवा. बंद केल्यावरही तो दिसतो तोवर शेगडी गरम असते, आणि गॅसची सवय असलेल्याला ते कळत नाही. कांदा तळताना अलार्म वाजेल, तेव्हा घाबरून त्याची बॅटरी काढतात. आधीच एकदा वाजवून दाखवा आणि एक्झॉस्ट लावायला शिकवा.

खातं उघडलं की आईला बसने किराण्याला न्या. यादी तिची, कार्ड तिचं, आणि येताना उतरायचं बटणही तिलाच दाबू द्या.