दात येतानाची रडारड – जेल आणि ड्रॉप्सबद्दल

हिरडीवर जेल लावलं की बाळ लगेच झोपतं असं या चर्चेत दोघीतिघींनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. त्यात बेन्झोकेन (हिरडी बधिर करणारं औषध) असेल तर दोन वर्षांखालच्या बाळाला लावूच नका, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता धोकादायक कमी होऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये यावर स्पष्ट इशारा दिलाय. आणि लाळ एवढी गळत असते की जेल हिरडीवर टिकतच नाही, सगळं पोटात जातं.

आमच्या लेकीचे खालचे दोन येत होते तेव्हा ती रात्री दीड-दोनला उठून कान ओढत रडायची. आई म्हणाली, हात धुऊन बोटाने हिरडी जरा दाबून चोळ, आणि खरंच, मिनिटभरात तिचा जबडा सैल पडायचा, मग मलमलचा ओला तुकडा फ्रिजमध्ये गार करून (फ्रीजरमध्ये नाही, कडक बर्फाने हिरडी दुखावते) चोखायला द्यायचे.

पॅरासिटामॉलचं कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगते, डॉक्टरांनी वजनावरून डोस दिला तरी बाटली नीट वाचा. ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ असतं आणि १२० वाल्या सिरपमध्ये ५ मिलीत १२०, म्हणजे सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर डोस चौपट जातो. मी अर्ध्या झोपेत तेच करणार होते, नवऱ्याने हात धरला. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर दातांवर ढकलू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.