दोन इंची हेडर? पावणेदोन बास!

ब्लोअर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावलेल्या इंजिनाला कुठल्या मापाचं हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा, लावावं या प्रश्नावर वर कुणीतरी दोन इंची पाइप सुचवलाय. भावा, शेवरोलेचं जुनं ३५० व्ही-८, ६-७ पीएसआय बूस्ट (ब्लोअरच्या हवेचा दाब), गाडी गावात फिरणार. एवढं भोक कशाला? ब्लोअरनं धूर वाढतो हे खरं, म्हणून साध्या इंजिनाच्या १ इंच ५ सुतावरून एक सूत (इंचाचा आठवा भाग) वर जा. पावणेदोन. रेसला नेणार असाल तर वेगळं.

खरा जोर मागं लावा: कलेक्टर (सगळे पाइप जिथं एकत्र येतात तो तुकडा) ३ इंची, मफलर मोकळा. मागं कोंडलं की बूस्टचा काटा उगाच वर दिसतो, ताकद मात्र नाही.

उद्यमनगरात फ्लँज (हेडर इंजिनाला जोडायची जाड पट्टी) कापायला देताना इंजिनाच्या हेडची एक्झॉस्ट गॅस्केट सोबत न्या. फ्लँजचं भोक पोर्टपेक्षा (हेडमधल्या धुराच्या तोंडापेक्षा) किंचित मोठं हवं, लहान अजिबात नको. आणि स्टिअरिंग बॉक्सपाशी आधी मोजा. जाड पाइप तिथंच अडतो, मग स्पार्क प्लगला पाना जाईना की बसा हेडर उतरवत.